नाव नसलेली ताटली

ताटलीला नाव नव्हतं.

मी ती उलटी केली, काठ बघितला, चष्मा लावून पुन्हा बघितला. नाहीच. आमच्या घरात असं होऊच शकत नव्हतं. रविवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी छत्तीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. लग्नातली, मुंजीतली, वास्तुशांतीची. आधी छिन्नी-हातोडीनं, मग मशिननं. घरात नवा चमचा आला तरी शालन म्हणायची, "आधी नाव घाला, मग चहात घालते." त्यामुळे झाऱ्यापासून पिंपापर्यंत सगळ्यावर 'सौ. शालन दि. पोळेकर' होतं. आणि आमच्याच मांडणीत ही तांब्याची ताटली उभी. आतून कल्हई केलेली, काठाला ठोक्यांची बारीक नक्षी, एका बाजूला जरा चेपलेली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शालन जूनमध्ये गेली आणि हा ऑक्टोबर होता. चार महिने मी वरणभात आणि दूध-पोहे यांवर काढले होते. कुकर लावायला मुलीनं नाशिकहून फोनवर शिकवलं होतं. डबा लावा म्हणून तिनं खूप सांगितलं, पण मी बाहेरचं खात नाही. पहिल्यापासून नाही. दुकानातही घरचाच डबा. दुसऱ्याच्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नसे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

ताटली घेऊन मी खाली गेलो. तळमजल्यावर सोनटक्के वहिनी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"वहिनी, ही तुमची का?"

त्यांनी आधी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहो पोळेकर, ही हालाची. तिसऱ्या मजल्यावरची ती सिरियाची मुलगी नाही का?"

"मग आमच्याकडे कशी?"

"कशी म्हणजे? दोन वर्षं जिन्यात वर-खाली चालली होती. बुधवारी शालनताई पाठवायच्या, शनिवारी ती पाठवायची. तुम्ही दुकानात. तुम्हाला कुठलं कळतंय!"

"आमच्या घरात त्यांच्याकडचं यायचं?"

"ते मी नाही म्हटलं," वहिनी म्हणाल्या आणि एकदम मन लावून शेंगा फोडायला लागल्या.

शालनला मी सांगून ठेवलं होतं, शेजारी आहेत, बोल-चाल ठेव, पण त्यांच्याकडचं काही खाऊ नकोस आणि घरात आणू नकोस. ती 'बरं' म्हणाली होती. तिच्या 'बरं'चा अर्थ काय ते इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

"द्यायची असेल तर लवकर द्या," वहिनी म्हणाल्या. "वीस तारखेला चाललीत ती दोघं. मस्कतला. नवऱ्याला तिकडच्या कॉलेजात नोकरी लागलीय. आणि रिकामी नका हो देऊ. शालनताईंनी उभ्या जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही."

ते खरं होतं. साखर घालेल, दोन लिंबं घालेल, पण रिकामं नाही. जाताना ती सगळं आवरून गेली होती. उन्हाळ्याचे पापडसुद्धा डब्यात भरलेले, वर चिठ्ठी चिकटवलेली. तिचं एवढं एकच काम मागे राहिलेलं मला दिसलं. ते आपण करायचं, असं मी जिना चढता चढता ठरवलं.

त्या दिवशी नऊ तारीख होती.

*

मी अर्धा किलो पेढे आणले, ताटलीत रचले आणि वर गेलो. दार हालाच्या नवऱ्यानं उघडलं. बासिल त्याचं नाव. उंच, दाढीवाला, विद्यापीठात पीएचडी करायला आलेला. खोलीभर खोकी होती. मी ताटली त्याच्या हातात दिली, तो हिंदीत "आइए, बैठिए" म्हणाला, मी "घाईत आहे" म्हणालो. मला कसली घाई होती देव जाणे.

तासाभरानं बेल वाजली. दारात हाला. तिशीच्या आतली, डोक्याला रुमाल, हातात तीच ताटली. ताटलीत छोटी छोटी वांगी, पोटात भात भरलेली.

"घ्या, अम्मो."

अम्मो म्हणजे काका, हे मला माहीत होतं. शालनला ती खाला म्हणायची, म्हणजे मावशी.

"अहो, ही तुमचीच ताटली आहे. मी परत द्यायला आलो होतो."

"हो. पण रिकामी कशी देऊ?"

मराठी ती शालनकडून शिकली होती. तोंडावर दार तरी कसं लावणार? मी ताटली घेतली. वांगी सोनटक्के वहिनींकडे गेली, ताटली मोरीत आणि मी मिठाईच्या दुकानात. दुसऱ्या दिवशी मी बर्फी नेली, खजूर भरलेली बिस्किटं आली. तिसऱ्या दिवशी चकली नेली, पालकाच्या तिकोनी पुऱ्या आल्या. सगळं वहिनींकडे.

"माझं बरं चाललंय," वहिनी म्हणाल्या. "आणखी चार दिवस चालू ठेवा."

"वहिनी, थट्टा नको. ही बाई ताटली ठेवूनच घेत नाही."

"कशी ठेवून घेईल? तुम्ही विकतचं नेता, ती हातचं देते. शालनताईंनी कधी पेढे नेले होते का वर? हातचं न्या काहीतरी."

"मला कुठं काय येतं?"

"मग शिका. सगळी आईच्या पोटातून शिकूनच येतात होय?"

बारा तारखेला सकाळी मी रिकामी ताटली घेऊन वर गेलो. हालाला म्हणालो, "मला काहीतरी करायला शिकवा. मी स्वतः केलेलं घालून ही परत द्यायची आहे. तुम्ही जायच्या आत."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "वरणभात येतो ना तुम्हाला?"

"वरणभात ताटलीत घालून देतात होय कुणी?"

ती हसली. "मग पुरणपोळी?"

"आमचं शिकवणारी होती ती गेली. तुमचं शिकवा."

"मुजद्दरा शिकवते," ती म्हणाली. "गरिबाचं जेवण आहे. मसूर, दलिया, कांदा. मटण नाही, अंडं नाही. घाबरू नका."

"मी कशाला घाबरतोय?"

"खाला सांगायच्या."

शालन माझ्याबद्दल वर जाऊन काय काय सांगायची, हे मला त्या दिवसापासून कळायला लागलं.

*

कांदे चिरायचं काम पहिलं. उभे, पातळ, सगळे सारखे. हालानं सुरी दिली आणि ती मसूर निवडायला बसली. मी चिरायला लागलो. अक्षराची रेघ जिथं जाड तिथं ते अक्षर बिघडतं, ही सवय हाताला होतीच. थोड्या वेळानं तिनं येऊन एक काप उचलला, खिडकीसमोर धरला आणि बासिलला हाक मारली. तो आला, त्यानंही बघितलं. दोघं आपल्या भाषेत काहीतरी बोलले.

"काय म्हणतात ते?"

"म्हणतात, हाला, तू आठ वर्षं करतेस, तुला असा कधी जमला नाही."

पण पुढं विस्तव आला, आणि तिथं माझी अक्कल संपली. मी गॅस मोठा केला. तेल धुरावलं.

"बारीक करा की तो गॅस!" मागून आवाज आला. "कुठं गाडी चुकतीये?"

मी वळून बघितलं. हालाच होती. पण वाक्य शालनचं होतं. चढ-उतारासकट. चाळीस वर्षांत तिनं ते मला, मुलीला, मोलकरणीला, कुणाकुणाला म्हटलं असेल.

"काय झालं, अम्मो?"

"काही नाही. बारीक केला."

कांदा हळूहळू पिवळा झाला, मग तांबूस, मग तपकिरी. छान रंग आला तसा मी झाऱ्यानं काढून ताटात घातला. बघता बघता तो ताटातच काळा पडला. खाऊन बघितला तर कडू.

"बाहेर काढला तरी तो शिजत असतो," हाला म्हणाली. "जरा आधी थांबायचं."

"किती आधी?"

"तुम्हाला वाटतं ना, अजून थोडा हवा? तेव्हा."

हे मला पटलं. छिन्नीचंही तसंच आहे. मी पुन्हा तीन कांदे चिरले. दुसऱ्या खेपेला जमलं. मसूर आणि दलिया एकत्र शिजले होते. त्यात जिऱ्याची पूड, मीठ, कांद्याचं तेल पडलं, वर कुरकुरीत कांदा आणि बाजूला काकडी घातलेलं दही. हालानं जमिनीवर चादर अंथरली आणि तीन ताटं मांडली.

"मी बाहेरचं खात नाही," मी म्हणालो.

"हे बाहेर कुठं आहे? तुमच्या डोक्यावर तर आहे. मधे फक्त एक छत."

"तसं नाही..."

बासिल खाली बसत हिंदीत म्हणाला, "काका, बनाया किसने?"

"मी."

"फिर बाहर का कैसे?"

मी बसलो आणि एक घास घेतला.

घास तोंडातच राहिला.

"हे मी खाल्लंय," मी म्हणालो.

हालानं मान वर केली.

"शालननं केलं होतं. त्या दिवशी." आणि मी त्यांना सांगितलं. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. "पहाटे सहाला तिच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षानं दवाखान्यात नेली. दीडला मला म्हणाली, घरी जा, माझा गाऊन, टॉवेल, चष्मा घेऊन या. मी आलो तर ओट्यावर झाकून ठेवलेलं. मसूर, वर असाच कांदा. ती पाचला उठायची. दुखायच्या आधी करून ठेवलं असणार. मी उभ्या उभ्याच खाल्लं. तीनला परत गेलो तर तिनं पहिलं काय विचारलं? जेवलात का? मी हो म्हणालो. म्हणे, काय होतं? मी म्हटलं, तूच केलंस आणि मला काय विचारतेस? म्हणे, कसं झालं होतं? म्हटलं, चांगलं होतं. तर तोंडावर पदर धरून हसली. मी म्हटलं, एवढं हसायला काय झालं? तर नुसती मान हलवली. संध्याकाळी साडेसहाला गेली. तिच्या हातचं शेवटचं मी तेवढं खाल्लं."

बासिलनं हालाकडे बघितलं. ती दह्याच्या वाडग्यात चमचा फिरवत होती.

"मीठ बरोबर होतं का?" तिनं विचारलं.

"हो. का?"

"असंच."

"म्हणजे हे ती तुमच्याकडून शिकली होती तर."

"मी दाखवलं होतं त्यांना," हाला म्हणाली.

"पण तिनं केलेल्यात आणखी काहीतरी होतं. याच्यात नाही ते. कांद्याला काहीतरी होतं. काय घालत होती ती?"

"माहीत नाही," हाला म्हणाली आणि तिनं माझ्या ताटात आणखी दोन डाव वाढले.

आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, पानात टाकायचं नाही. मी ताट पुसून घेतलं. तिनं पुन्हा वाढलं. मी पुन्हा संपवलं. तिनं पुन्हा वाढलं. चौथ्यांदा मला घाम फुटला.

"हाला, आता बास. जीव जाईल माझा."

"मग संपवता कशाला?" ती म्हणाली. "ताट रिकामं म्हणजे भूक आहे. आमच्यात पोट भरलं की एक घास ठेवतात. म्हणजे घरवालीला कळतं, तिच्याकडं भरपूर होतं. खालापण पहिल्यांदा असंच करायच्या. दोन दिवस त्यांचं पोट बिघडलं होतं."

दोन वर्षांपूर्वी शालनचं पोट बिघडलेलं मला आठवलं. मी डॉक्टरकडून गोळ्या आणल्या होत्या. लग्नाकार्यात काही खात जाऊ नकोस म्हणालो, तर 'बरं' म्हणाली होती.

अन्न टाकणं माझ्यानं होईना. शेवटी मी ताटावर हात आडवा धरला तेव्हा कुठं सुटलो.

*

पुढचे पाच दिवस मी दुसरं काही केलं नाही. सकाळी मंडईतून कांदे, दुपारी स्वयंपाक. मसूर आमच्या साताऱ्याकडचाच, तो ओळखीचा. दलिया वाण्याकडं मिळाला. तिसऱ्या दिवशी कांदा बरोबर जागी थांबवायला जमलं. सोनटक्के वहिनींनी खाऊन सांगितलं, "पोळेकर, आता जेवायला बोलवा त्यांना."

पण त्या दिवसाची चव येईना. ती नेमकी काय होती हे मला जिभेवर आठवत होतं, पण नाव सापडत नव्हतं. गोड होती? म्हणून साखर घातली. शिऱ्यासारखं झालं. आंबट होती? लिंबू पिळलं. नुसतं लिंबूच लागायला लागलं. दही आटवून बघितलं. ते तर टाकावंच लागलं. शालनच्या मांडणीतल्या प्रत्येक डब्याचं झाकण मी उघडून वास घेतला. लोक म्हणतात गेलेल्या माणसाच्या वस्तूंना हात लावायला नको वाटतं. मला त्या पाच दिवसांत तसं काही वाटलं नाही. मी शोधत होतो.

रोज एकदा वर जाऊन हालाला विचारायचो. "नीट आठवून सांगा. आणखी काय घालायची?"

"माहीत नाही, अम्मो."

आणि रोज ती खोकं बांधायला वळायची. मला वाटायचं, जायच्या गडबडीत आहे, म्हणून बोलत नाही.

अठरा तारखेला मी छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन वर गेलो. "ताटलीवर तुमचं नाव घालून देतो. मस्कतला हरवायची नाही. मराठीत घालू का तुमच्या लिपीत? लिहून दिलं तर तसंच उतरवीन. अरबी मी कधी घातलं नाही, पण रेघ ती रेघ."

मला वाटलं ती खूश होईल. तिनं ताटली माझ्या हातातून काढूनच घेतली.

"नको, अम्मो. हिच्यावर नाव नसतं."

"का?"

"आमच्या गल्लीत, तिकडं हमा शहरात, ही फिरायची. या घरातून त्या घरात, भरून. मी लहान होते तेव्हा आईला विचारलं, ही ताटली कुणाची? आई म्हणाली, आत्ता आपल्याकडे आहे."

"म्हणजे मूळ मालक कोण?"

"माहीत नाही. कुणालाच नाही. मी लग्न करून निघाले तेव्हा ती आमच्याकडे होती, तर आईनं सामानात घातली. आता ती गल्लीच राहिली नाही. लढाईत सगळी घरं पडली. ही तेवढी इथं आली."

मी छिन्नी खिशात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी भांडं हातात येऊनही नाव न घालता परत निघालो होतो.

"परवा निघायचं ना?" मी म्हणालो. "मग उद्या दुपारी दोघं माझ्याकडे जेवायला. आणि ताटली द्या. ती उद्या भरून मिळेल."

*

एकोणीस तारखेला ते दोघं आले. मी शालनचा मोठा पाट काढला होता. हालासाठी. ताटं वाढली. माझ्या घरी माझ्या हातचं जेवायला पहिल्यांदाच कुणी बसलं होतं. मी उभाच राहिलो.

बासिलनं खाऊन जोरजोरात मान हलवली आणि दुसरा घास घेतला. हालानं कांदा बोटानं उचलून मोडला. कुरकुरीत वाजला.

"माझ्यापेक्षा चांगला," ती म्हणाली.

"पण शालनसारखा नाही," मी म्हणालो. "तेवढं एक राहिलं. तुम्ही उद्या चाललात. मग हे विचारायला मला जगात कुणी नाही. हाला, रागावू नका, पण तुम्हाला माहीत आहे. रोज माझ्याकडे पाठ करता ते मला दिसतं. काय घातलं होतं तिनं?"

बासिल तिला आपल्या भाषेत हळू काहीतरी म्हणाला. ती त्याच्यावर खेकसली. मग तिनं ताट जरा पुढं सरकवलं.

"चिंच आणि गूळ," ती म्हणाली.

मी खाली बसलो. चिंच-गूळ! आमच्या घरात रोज आमटीत पडणारं. चिंचेचा डबासुद्धा मी उघडून वास घेऊन परत ठेवला होता.

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"कारण त्यांनी नव्हतं घातलं," हाला म्हणाली. "मी घातलं होतं."

मला काही कळेना.

"त्या दिवशी दुपारी बाराला खालांचा फोन आला. दवाखान्यातून, तुम्ही औषधं आणायला गेला होतात तेव्हा. आवाज बारीक होता. म्हणाल्या, हाला, चावी मीटरच्या डब्यावर आहे. ते कपडे न्यायला घरी येतील. सकाळपासून उपाशी आहेत, बाहेरचं खाणार नाहीत, आणि तुझं आहे कळलं तर मुळीच नाही. तुझा मुजद्दरा कर आणि आमच्या ओट्यावर झाकून ठेव. मी म्हटलं, खाला, त्यांना चव कळेल. तर म्हणाल्या, कांद्यात थोडा चिंच-गूळ टाक, म्हणजे माझं वाटेल."

ती रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आणि म्हणाल्या, तू सांगू नकोस. मी घरी आले की मीच सांगणार आहे. तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं ते तू वरून बघायला ये." हाला माझ्याकडे बघत नव्हती. "मी कबूल केलं होतं, अम्मो. म्हणून नाही सांगितलं. आणि तुम्ही म्हणालात, तिच्या हातचं शेवटचं. मग कसं सांगू?"

बासिल ताटाकडे बघत बसला होता. मला तो दवाखान्यातला पलंग दिसला, तीनचा सुमार, आणि तोंडावर पदर धरून हसणारी शालन. कसं झालं होतं? चांगलं होतं. चार महिने मी समजत होतो, कौतुक केलं म्हणून ती लाजून हसली.

चाळीस वर्षं ती मला फसवू शकली नाही अशी माझी समजूत होती.

मी उठलो. आत जाऊन चिंचेचा डबा आणि गूळ घेऊन आलो.

"किती घालायची?" मी विचारलं.

हालानं डोळे पुसले आणि करंगळीचं पेर दाखवलं. "एवढीशी."

"आणि गूळ?"

"तेवढाच. जास्त नको. खाला म्हणायच्या, कळायला नको, पण असायला हवा."

मी पातेल्यात उरलेल्या कांद्याला चिंच-गूळ लावला, गॅस बारीक ठेवून. तिघांच्या ताटात घातला. आणि ती चव आली. तीच.

मी जेवायला बसलो. जेवण संपलं तेव्हा मी बघितलं, हालानं ताट अगदी स्वच्छ केलं होतं. दाणाही नाही. माझी रीत मोडू नये म्हणून. मी तिला आणखी वाढायला डाव उचलला, तर ती हात आडवा धरून ओरडली, "अगंबाई, नको!" आणि तिघंही हसलो.

माझ्या ताटात एक घास होता. तो मी तसाच ठेवला. हालानं तो बघितला.

ताटली भरून मी दोन्ही हातांनी तिला दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. शालनचं काम झालं.

*

वीस तारखेला सकाळी सातला बेल वाजली. खाली टॅक्सी उभी होती. बासिल जिन्यातून बॅगा उतरवत होता आणि सोनटक्के वहिनी त्याला कुठली बॅग कुठं ठेवायची ते मराठीतून सांगत होत्या. माझ्या दारात हाला, हातात ताटली. ताटलीत दोन मुठी कच्चा मसूर.

"स्वयंपाकघर सगळं बांधलं," ती म्हणाली. "एवढंच उरलं होतं. रिकामी कशी देऊ?"

"अहो, ती तुमच्या आईची..."

"आत्ता तुमच्याकडे आहे, अम्मो," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दोन मुठी मसूर मी तीन आठवडे तसाच ठेवला. मग तिसऱ्या मजल्यावर नांदेडकडचं एक जोडपं राहायला आलं. नवं लग्न झालेलं. दोघंही सकाळी आठला जायची आणि रोज संध्याकाळी त्यांच्या दारात हॉटेलच्या पिशव्या यायच्या. एका रविवारी मी कांदे चिरले. करंगळीच्या पेराएवढी चिंच, तेवढाच गूळ. ताटली भरली, झाकण घातलं आणि वर गेलो.

मुलीनं दार उघडलं. मी कोण, कुठल्या मजल्यावरचा, ते सांगितलं. तिनं ताटली घेतली, झाकण उचलून वास घेतला, आणि मग मी जे केलं होतं तेच केलं. ताटली जरा वर धरून काठ बघितला, खालून बघितलं.

"काका, नाव नाही हिच्यावर. ही नक्की कुणाची?"

"आत्ता तुमच्याकडे आहे," मी म्हणालो.